सोनचाफ्याची फांदी का लागत नाही, आणि कशी लागेल

रत्नागिरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. राजापूर तालुक्यात त्यांच्या आजोळी परसात एक जुना सोनचाफा आहे. घर मोडून नवीन बांधायचं ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू होईल आणि झाड नेमकं जोत्याच्या आखणीत येतंय. त्याच झाडाचं रोप त्यांना आपल्या अंगणात हवंय, कारण त्यांच्या आईचं लहानपण त्या झाडाखाली गेलंय. मॅग्नोलियाच्या फांद्या घरी रुजवण्याचे व्हिडिओ पाहून त्यांनी दोन पावसाळे प्रयत्न केले. पहिल्या वर्षी सगळ्या काड्या आठवड्याभरात वाळल्या. दुसऱ्या वर्षी दोन काड्यांना छान पालवी आली आणि गणपतीच्या तोंडावर त्या काळ्या पडून गेल्या. "माझं कुठे चुकतंय?"

ताई, पहिल्या वर्षीचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून तुम्ही फांद्या चार दिवस सावलीत सुकवून मग लावल्या. काकूंचं म्हणणं खरं आहे, पण ते दुसऱ्या चाफ्याचं. देवळाच्या आवारात असतो तो खुरचाफा मूळचा अमेरिका खंडातला. त्याची फांदी जाड, रसाळ, मोडली की पांढरा चीक गळतो. ती जखम सुकली नाही तर बुडखा कुजतो, म्हणून ती सुकवून लावायची. पोटात पाणी असल्यामुळे चार दिवस काय, पंधरा दिवस पडून राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. सोनचाफ्याला ना चीक, ना पाण्याचा साठा. फांदी झाडावरून उतरली त्या क्षणापासून पानं वाफ सोडत राहतात आणि खालून भरपाई होत नाही. चार दिवस सुकवलेली सोनचाफ्याची काडी म्हणजे सरपण.

'चाफा' या एका नावाने आपल्याकडे बराच घोटाळा केलाय. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या, नागचाफा आपल्या किनाऱ्यावरच्या उंडीच्या गोतातला. एकाची युक्ती दुसऱ्याला चालत नाही. खरे मॅग्नोलिया आपल्या अंगणात दिसतात ते म्हणजे सोनचाफा, त्याचा पांढरा भाऊ आणि कवठी चाफा. लिनियसने 1753 मध्ये सोनचाफ्याला मायकेलिया चंपाका असं नाव दिलं होतं. पुढे मायकेलिया हा गटच मॅग्नोलियात मिळवला गेला, म्हणून आता पुस्तकात मॅग्नोलिया चंपाका सापडतो. पण व्हिडिओतले मॅग्नोलिया बहुतेक चीन-जपानकडचे, हिवाळ्यात पान गाळून वसंतात फुलणारे. त्यांचं लाकूड वेगळं, हंगाम वेगळा, त्यांना थंडीची गरज असते. त्यांचं वेळापत्रक कोकणातल्या सदाहरित झाडाला लावून उपयोग नाही. बटाट्यात काडी खोचण्याचा प्रकारही सोडून द्या. बटाटा कुजतो आणि काडीला घेऊन कुजतो.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट मात्र जरा नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे भलेभले फसतात. फांदीच्या डोळ्यात आणि सालीत अन्नाचा साठा असतो. पावसाळी दमट हवा मिळाली की त्या साठ्यावर डोळा फुटतो, दोन-चार कोवळी पानं येतात. आपण खूश होतो, घरातल्यांना दाखवतो. खाली मात्र मूळ नसतं. उलट नव्या पानांनी साठा खाल्लेला असतो आणि आता त्यांना पाणीही जास्त लागतं. पाच-सहा आठवड्यांनी साठा संपतो आणि काडी वरून सुकत नाही, खालून काळी पडते. तुमच्या दोन्ही काड्यांचं हेच झालं. तुमची काही हयगय झाली नाही. सोनचाफ्यात पालवी आधी आणि मूळ फार नंतर, हा त्याचा स्वभावच आहे.

हे मी शिकलो ते एका आषाढात. रोपवाटिका नवी होती, सोनचाफ्याच्या काड्यांचा एक अख्खा वाफा पालवला होता आणि मी गिऱ्हाइकांना शब्दही देऊन बसलो होतो. सहज म्हणून एक काडी उपटली. बुडखा चहाच्या चोथ्यासारखा काळा, नखाने दाबला तर साल सुटून हातात आली. शेजारची उपटली, तीही तशीच. तिसऱ्या काडीच्या बुडाला मात्र पांढुरकी, खडबडीत गाठ धरली होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी. मूळ त्या गाठीजवळून निघतं. आणि गंमत अशी की त्या काडीला वर एकही नवं पान नव्हतं. जुनी दोन पानं तेवढी हिरवीगार, ताठ. तेव्हापासून मी नव्या पालवीकडे बघत नाही, जुनं पान टिकलंय का ते बघतो.

मग आता काडी लावायची कशी?

सुरुवात झाडापासून. म्हाताऱ्या झाडाच्या शेंड्याकडच्या, फुलं धरणाऱ्या फांद्या मूळ धरायला अतिशय नाखूश असतात. बुंध्यापासून किंवा छाटलेल्या फांदीपासून आलेले जोमदार धुमारे त्या मानाने लवकर मुळं सोडतात. म्हणून झाडावर आधी धुमारे आणवायचे आणि मग त्यांच्या काड्या घ्यायच्या. धुमारा कोवळा लुसलुशीतही नको आणि पूर्ण लाकूड झालेलाही नको. सोनचाफ्याचा कोवळा शेंडा बोटांना रेशमासारखा लागतो, त्यावर बारीक लव असते. तिथली काडी घेऊ नका. खाली सरकत जा. प्रत्येक पानाच्या देठापाशी फांदीभोवती अंगठीसारखी एक बारीक रेघ दिसेल. पानाच्या कोवळ्या डोळ्याला झाकणारं उपपर्ण, म्हणजे बारीक आवरण, गळून पडल्याची ती खूण, सगळ्या मॅग्नोलिया मंडळींची ओळख. ज्या टप्प्यात साल हिरवी असूनही तपकिरी छटा धरू लागलीय आणि वाकवल्यावर फांदी आधी लवते मग कट्कन मोडते, तो टप्पा आपला.

फांद्या सकाळी, उन्हं वर यायच्या आत काढा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवा. राजापूरहून रत्नागिरीला यायचंय, तेव्हा पिशवी गाडीच्या काचेपाशी उन्हात राहणार नाही एवढं बघा. लावायच्या त्याच दिवशी. काडी 12 ते 15 सेंटीमीटर. खालचा काप अंगठीच्या रेघेच्या लगेच खाली, धारदार पात्याने एका दमात. कात्रीने चिरडलेला बुडखा कुजतोच. वरची दोन पानं ठेवा आणि ती आडवी निम्मी कापा. सगळी पानं काढू नका, पानाशिवाय सोनचाफ्याची काडी मूळ धरत नाही. बुडाशी एका बाजूने दोन सेंटीमीटर लांबीची साल अलगद तासा, आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. काप हवेत राहिला की लगेच तपकिरी होतो, म्हणून कापल्यावर काडी स्वच्छ पाण्यात टाका आणि मग एकेक उचलून औषध लावा.

औषध म्हणजे आयबीए, इंडोल ब्युटिरिक ॲसिड. कृषी सेवा केंद्रात मुळं फुटायची पावडर म्हणून तयार मिळते, घरी दहा-वीस काड्यांना ती पुरे. बुडखा पुसून पावडरीत टेकवायचा, झटकून जादा पावडर पाडायची. मी स्वतः 1 ग्रॅम आयबीए 125 मिली स्पिरिटमध्ये विरघळवतो, त्यात पाणी घालून 250 मिली करतो आणि बुडखा पाच सेकंद बुडवतो. नुसत्या पाण्यात ते नीट विरघळत नाही. कोरफड, मध, दालचिनी असं बरंच सांगितलं जातं. मी करून पाहिलंय, सोनचाफ्यावर मला त्याचा उपयोग दिसला नाही. मोगरा-जास्वंदीच्या काड्या तशाही लागतातच, त्यामुळे श्रेय कोरफडीला जातं.

माती अजिबात नको, शेणखत तर नकोच. निम्मं कोकोपीट आणि निम्मी भरड वाळू, किंवा वाळूऐवजी भाताचं जळकं तूस. वाळू नदीची. तुम्ही दुसऱ्या वर्षी समुद्रावरची पुळणीतली वाळू आणलीत असं लिहिलंय. ती धुऊन मीठ गेलं तरी शंखशिंपल्यांचा चुना राहतो, आणि सोनचाफ्याला आपली जांभ्याची आंबट माती मानवते, चुना सोसत नाही. हेही एक कारण होतंच तुमच्या काड्या जाण्याचं.

भांडं म्हणून मी पारदर्शक प्लास्टिकचा पेला घेतो. तळाला तीन-चार भोकं, बाहेरून काळा कागद. हवं तेव्हा कागद सोडवून बघता येतं, काडी उपटायचा मोह होत नाही. पेले पडवीत ठेवा, उजेड येईल पण ऊन येणार नाही आणि पागोळीचं पाणी पडणार नाही अशा जागी. कोकणात आषाढ-श्रावणात हवाच इतकी ओली असते की वरून प्लास्टिक झाकायची गरज नाही. झाकलं तर बुरशी येते. पावसाने आठवडाभर उघडीप दिली तर तेवढ्यापुरती पिशवी घाला आणि सकाळ-संध्याकाळ काढून वारा द्या. पानं ओलसर राहिली पाहिजेत, बुडखा चिखलात राहता कामा नये. ही तारेवरची कसरत आहे, आणि बहुतेक काड्या जास्त पाण्याने जातात. मिश्रण बोटाला गार लागलं तर पाणी घालू नका. लावताना एकदा आणि पुढे तीन आठवड्यांनी एकदा कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात भिजवणीतून द्या.

त्यानंतर थांबायचं. आठ आठवडे, कधी बारा. नवी पालवी आलीच तर ती खुडून टाका, जीव तुटतो पण खुडा. जुनं पान पिवळं पडून गळलं तर ती काडी गेल्यात जमा. मूळ आलं की पेल्याच्या कडेला दिसतं. जाड, पांढरं, फाटे नसलेलं, शिजलेल्या शेवईसारखं. आणि तितकंच नाजूक. सोनचाफ्याची मुळं मांसल असतात, धक्क्याने मोडतात आणि मोडली की तिथून कुजतात. म्हणून पहिलं मूळ दिसल्यावर लगेच पिशवीत हलवू नका. त्याला बारीक फाटे फुटेपर्यंत आणखी महिनाभर जाऊ द्या, मग पेला कापून गड्डा आख्खाच्या आख्खा हलवा.

एवढं सगळं नीट केलं तरी दहातल्या दोन काड्या लागल्या की मी समाधान मानतो. कवठी चाफा त्या मानाने माझ्या हाताला बरा लागतो. पण तुमच्या झाडाला मुदत आहे, पुढच्या पावसाळ्यात परत करून बघू म्हणायची सोय नाही. म्हणून माझा आग्रह: काड्या लावाच, पण भरवसा गुटीवर ठेवा.

गुटीत फांदी झाडावरच राहते, मुळं येईपर्यंत झाड तिला पाणी पाजत असतं. काडीची जी मुख्य अडचण, ती इथे उरतच नाही. मृग लागून पाऊस स्थिरावला की आर्द्रात, म्हणजे जूनच्या अखेरीस, गुट्या बांधा. पेन्सिल ते करंगळीएवढी जाड, वर्षभराची, उजेडातली फांदी निवडा. शेंड्यापासून हातभर खाली एक इंच रुंदीची साल पूर्ण गोल काढायची. आता ज्या ठिकाणी बहुतेक गुट्या फसतात ते सांगतो. साल काढल्यावर खाली जो बुळबुळीत थर हाताला लागतो तो सुरीच्या पाठीने खरवडून, फडक्याने पुसून कोरडं लाकूड दिसलं पाहिजे. तो थर राहिला तर झाड महिन्याभरात साल परत जोडून घेतं, फांदी मजेत राहते आणि मूळ काही येत नाही. वरच्या कापाच्या ओठाला औषध लावा, कारण पानांत तयार झालेलं अन्न तिथे येऊन अडतं आणि मुळं तिथूनच निघतात. मग भिजवून पिळलेलं शेवाळ (मॉस) किंवा कोकोपीट, मूठभर, दोन्ही बाजूंनी दाबून बसवा. मुठीत आवळल्यावर एक-दोन थेंब यावेत इतकीच ओल. त्यावर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं बांधा.

घाटावरच्या माणसाला गुटी सुकेल याची काळजी असते. आपल्याला उलटी काळजी. कोकणचा पाऊस फांदीवरून ओघळत थेट गुटीत शिरतो आणि आत डबकं होतं. म्हणून वरचं टोक वायरमनच्या चिकटपट्टीने पक्कं आवळा, खालचं सुतळीने बांधून टाचणीने दोन भोकं पाडा, म्हणजे शिरलेलं पाणी निघून जाईल. दर पंधरवड्याला एक चक्कर मारा. मुंग्यांनी घर केलं तर ती गुटी सोडून नवीन बांधा.

दोन ते तीन महिन्यांत प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसू लागतात. तरी लगेच तोडू नका. ती पांढरी मुळं पिवळसर होऊन त्यांना फाटे दिसले की गुटीच्या खाली फांदीला निम्म्यापर्यंत खाच मारा. आठ-दहा दिवसांनी ती खाच पूर्ण करा. एकदम तोडलेली गुटी पिशवीत कोमेजते. तोडल्यावर निम्मी पानं कमी करा, प्लास्टिक काढा पण शेवाळाचा गोळा फोडू नका. लाल माती, वाळू आणि मुरलेलं शेणखत समप्रमाणात घेऊन पिशवीत लावा. महिनाभर सावलीत. आर्द्रात बांधलेली गुटी हस्त नक्षत्रापर्यंत, सप्टेंबरअखेरीला, हाती येते, म्हणजे तुळशीच्या लग्नाला अजून महिनाभर अवकाश असतो. एक-दोन बांधून थांबू नका. झाड तसंही जाणार आहे, पंधरा-वीस बांधा. मामांना आणि मावशीलाही रोप मिळेल.

आणखी एक वाट मोकळी ठेवा. तुमच्या आजोळच्या पंचक्रोशीत आंब्या-काजूची कलमं बांधणारं कुणीतरी असेलच, आणि ज्याचा हात आंब्याच्या पाचर कलमावर बसलाय त्याला सोनचाफा जड नाही. खुंट, म्हणजे ज्याच्यावर काडी बांधायची ते रोप, म्हणून सोनचाफ्याचीच बियांपासूनची पेन्सिलएवढी जाड रोपं रोपवाटिकेतून पाच-सहा आणून ठेवा. काडी तुमच्या झाडाची. कलम बांधायच्या आठ-दहा दिवस आधी त्या काडीची पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे डोळा फुगून तयार होतो. बाकी काम त्या माणसावर सोडा. बाजारात 'वेलणकर' म्हणून मिळतो तो सोनचाफाही कलमाचाच असतो, आणि तो लवकर, भरभरून फुलतो. पण तुम्हाला हवाय तो वास आणि तो रंग तुमच्याच झाडाच्या काडीतून येईल.

बियांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. बी रुजतं. लाल गर धुऊन काढून ताजं ताजं पेरावं लागतं, सुकलं की मरतं. पण बियांचं रोप आईवर जाईलच असं नाही, आणि फुलायला सात-आठ वर्षं सहज घेतं. कलमाचं किंवा गुटीचं रोप वर्षा-दोन वर्षांत कळी धरतं. पांढऱ्या सोनचाफ्याला तर बी जवळजवळ धरतच नाही, त्याला फांदीशिवाय मार्ग नाही.

रोप जमिनीत पुढच्या जूनमध्येच लावा. येता उन्हाळा त्याला पिशवीत काढू दे. जांभ्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, पाणी साचत असेल तर थोडा उंचवटा करून. सोनचाफा पाऊस कितीही सोसतो, मुळाशी तुंबलेलं पाणी सोसत नाही. रत्नागिरीत तुमचं घर समुद्राच्या अंगाला असेल तर घराच्या आडोशाला लावा, खारा वारा कोवळी पानं जाळतो.

आज मे अर्धा झालाय, तेव्हा या आठवड्यात एक काम करून घ्या. आजोळी जाऊन झाडाच्या खालच्या अंगाच्या दोन-तीन मनगटाएवढ्या फांद्या बुंध्यापासून हातभर ठेवून छाटा. जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. झाडाला आठवडाभराच्या अंतराने दोनदा भरपूर पाणी घालायला मामांना सांगा. पहिल्या पावसाबरोबर तिथे धुमारे निघतील आणि पुष्य नक्षत्रापर्यंत, जुलैच्या उत्तरार्धात, त्यातले जाड धुमारे काडीला येतील. वरच्या, न छाटलेल्या फांद्या गुटीसाठी राखून ठेवा. प्रत्येक गुटीला आणि पेल्याला प्लास्टिकची पट्टी बांधून तारीख टाका. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई आपल्या पावसात आठ दिवसही टिकत नाही.